डोक्याला हेल्मेट, कानांचे काय?

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : महामार्गावर दुचाकी चालवताना कानात बोळे, म्हणजेच इअरप्लग, घालण्याबाबत

महोदय,


गेल्या फाल्गुनातली गोष्ट. साताऱ्यातले काम आटोपून कराडकडे निघालो होतो. एका टोलनाक्याच्या पुढे तपासणी चालू होती. डोक्यावर हेल्मेट होते, लायसन्स, विमा, पीयूसी सगळे खिशात होते. हेल्मेट काढले तेव्हा हवालदारांना माझ्या कानात केशरी रंगाचे काहीतरी दिसले. “हेडफोन लावून गाडी मारताय व्हय?” त्यांनी विचारले. मी बोळा काढून तळहातावर ठेवला. त्याला वायर नाही, बॅटरी नाही, आत काही वाजत नाही. निव्वळ फोमचा तुकडा. “साहेब, वाऱ्याचा आवाज कमी करायला घालतो. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय.” ते म्हणाले, “मागनं हॉर्न आला तर ऐकू येणार हाय का? कानात काय घालायचं नाही.” दंड केला नाही, समज देऊन सोडले. बोळे मात्र तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावले. तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या ट्रकने एअरहॉर्न दिला आणि त्याच हवालदारांचा हात आपोआप स्वतःच्या कानावर गेला.

त्यांच्यावर माझा राग नाही. तेही माझ्यासारखेच, दिवसभर आवाजात पोट भरणारे. बोळा आणि हेडफोन यांतला फरक त्यांना कोणी सांगितलेलाच नाही. आपल्या भाषेत ‘कानात बोळे घालून बसणे’ याचा अर्थच मुळी कुणाचे न ऐकणे असा. त्यामुळे बोळे घातलेला माणूस बेफिकीर असणार, असे कुणालाही वाटते. वाहतूक पोलीस गृहखात्याकडे असतात, हे मला माहीत आहे. पण लायसन्स आपल्या कार्यालयातून मिळते, वायुवेग पथके आपली आहेत, रस्ता सुरक्षेचे प्रबोधन आपण करता. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. आणि ते खुले लिहीत आहे, कारण ही गोष्ट एकट्या माझ्या कानांची नाही.

गेली तेवीस वर्षे मी औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून कराडहून फिरतो. सोमवारी सातारा, मंगळवारी विटा, बुधवारी इस्लामपूर, महिन्यातून दोनदा पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त मोकळ्या रस्त्यावरचे असतात. हेल्मेटबद्दल माझी तक्रार नाही. पाटणच्या अलीकडे एकदा उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या वाढ्यांवरून गाडी घसरली होती. चीर गेली ती हेल्मेटच्या कवचाला, माझ्या कवटीला नाही. त्या दिवसापासून हेल्मेटसक्तीला विरोध करणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडत आलो आहे. तेच हेल्मेट माझे कानही सांभाळत असेल, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. ते चूक होते.

ते मला एका औषधाच्या दुकानात कळले. केमिस्टने साठ स्ट्रिप सांगितल्या, मी ऑर्डरबुकात आठ लिहिले. ‘स’ मला ऐकूच आला नव्हता. पुढच्या महिन्यात असे पुन्हा झाले. घरी मुलगी म्हणायची, “बाबा, सारखं ‘काय? काय?’ का करता?” मग भाद्रपदातल्या एका रात्री गॅलरीत बसलो असताना बायको म्हणाली, “रातकिडे किती ओरडतायत बघा.” मला रातकिडे ऐकू येत नव्हते. कानात एक बारीक शिट्टी तेवढी चालू होती. ती आजही चालू आहे, हे पत्र लिहितानाही.

कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री केली. आलेख डावीकडून बरा चालत आला आणि चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणत्या कारखान्यात होतात?” मी म्हणालो, “कारखान्यात कधीच नव्हतो. गाडीवर असतो.” त्यावर त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते राज्यातल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला लायसन्स देतानाच सांगायला हवे होते.

आतल्या कानात, शंखासारख्या वळलेल्या भागात, जन्मतः सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचे मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाचा मारा सतत झाला की त्या आधी थकतात. दिवसभराच्या प्रवासानंतर हेल्मेट काढल्यावर कानांना दडे बसल्यासारखे वाटते, माणसे लांबून बोलल्यासारखी वाटतात, तो हाच थकवा. रात्रभर विश्रांती मिळाली की त्या सावरतात. पण रोज रोज तेच झाले की मरतात, आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. चार हजार हर्ट्झच्या आसपास ऐकणाऱ्या पेशींना सगळ्यात आधी फटका बसतो. स, श यांसारखी हवेवर तरंगणारी व्यंजने ऐकायला कानाला हाच वरचा पट्टा लागतो. म्हणून सुरुवातीला माणूस बहिरा होत नाही. त्याला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. त्यामुळे ते लक्षातही येत नाही, आणि लक्षात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता हा आवाज येतो कुठून, ते पाहू. बहुतेकांना वाटते सायलेन्सरमधून. तसे नाही. साधारण ताशी पासष्ट किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर मात करतो. हवा हेल्मेटवर आदळते, त्याच्या खालच्या कडेला, हनुवटी आणि मानेपाशी भोवरे तयार होतात आणि ती घरघर कवचातून, गादीतून, मानेपाशी उरलेल्या फटीतून कानात शिरते. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आणि साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी चालत्या मोटारसायकलवर, थेट स्वाराच्या कानापाशी मायक्रोफोन ठेवून हे मोजले. पुढे बाथ विद्यापीठातल्या अभ्यासकांनीही हेल्मेटचा हनुवटीखालचा भाग आवाजाचे मोठे उगमस्थान असल्याचे दाखवले. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर डोक्याला बसणारा धक्का शोषतो. वाऱ्याची ही खालच्या पट्टीतली घरघर अडवणे त्याचे कामच नाही. उंच आवाज तो थोडेफार अडवतो, घरघर जवळपास तशीच आत येते.

किती आवाज? हेल्मेट, गाडीची काच, स्वाराची उंची यांनुसार फरक पडतो. तरी केंद्राने २०१८ साली चौपदरी महामार्गावर दुचाकीला ठरवून दिलेल्या ताशी ८० या मर्यादेतही बहुतेक हेल्मेटांत कानापाशी ९० डेसिबलच्या वर आवाज असतो. वेग शंभरच्या पुढे गेला की तो आकडा शंभरच्या घरात जातो. डेसिबलची मोजणी साधी नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने हिशेब असा घालून दिला आहे : ८५ डेसिबलला दिवसातले आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, १०० ला अवघी पंधरा मिनिटे. मी तेवीस वर्षे ९४ च्या आसपासच्या आवाजात रोज एक तास काढला असेल, तर कानांना झेपणारी दिवसभराची मात्रा मी रोज त्या एका तासातच संपवत होतो. औषधे विकणाऱ्या माणसाला मात्रेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

८५ हा आकडा आपल्याकडे अनोळखी नाही. २०२० च्या सुरुवातीला मुंबई वाहतूक पोलिसांनी काही चौकांत ‘पनिशिंग सिग्नल’ बसवले, ते आपल्याला आठवत असतील. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत. चौकात मिनिटभर थांबलेल्या माणसाच्या कानांसाठी आपण तो आकडा लक्ष्मणरेषा मानला. महामार्गावर तासन् तास जाणाऱ्या माणसाच्या हेल्मेटात ती रेषा रोज ओलांडली जाते आणि तिथे मोजणारे कोणी नाही.

आता हवालदारांच्या प्रश्नाकडे येतो. तो रास्त प्रश्न आहे आणि त्याचे नीट उत्तर मिळायला हवे. बोळे घातल्यावर मागचा हॉर्न ऐकू येईल का?

येतो. बोळा कान बंद करत नाही, आवाज उतरवतो. पाकिटावर तीसच्या आसपास डेसिबलचा आकडा छापलेला असतो. तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात घालण्याच्या पद्धतीनुसार पंधरा-वीस पदरात पडतात. वाऱ्याचा आवाज वीसने उतरतो, तसा हॉर्नचाही साधारण तेवढाच उतरतो. म्हणजे वाऱ्याच्या तुलनेत हॉर्न होता तिथेच राहतो, आणि कान मात्र भडिमारातून सुटलेला असल्यामुळे दोघांतला फरक त्याला नीट कळतो. भर दुपारी डांबरी रस्त्यावरच्या लखलखाटात डोळे दिपतात तेव्हा आपण गॉगल लावतो. गॉगल लावल्यावर समोरची गाडी दिसेनाशी होत नाही, उलट स्पष्ट दिसते. कानाचे तसेच आहे. बोळे घालायला लागल्यापासून मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न मला पूर्वीपेक्षा लवकर कळतो. इंजिनाचा बदललेला आवाज, सैल झालेल्या साखळीची खडखड, पूर्वी वाऱ्यात विरून जाणारे हे आवाजही आता कानावर येतात.

दुसरी बाजूही मी लपवत नाही. गावातल्या गल्लीत, बाजारपेठेत वीस-तीसच्या वेगाला वाऱ्याचा आवाज नसतो. तिथे मागून येणारी सायकलची घंटा, पोराची हाक, बंद इंजिनाने उतारावर येणारी गाडी ऐकू यायला हवी. तिथे बोळ्यांचे काम नाही, ते काढून ठेवावेत. ज्यांचे ऐकणे माझ्यासारखे आधीच उणावले आहे, त्यांनी मिळेल तो बोळा न घालता डॉक्टरांना विचारून निवडावा. मी हल्ली कमी आवाज अडवणारे, फिल्टरचे बोळे वापरतो. शांततेत वेग कमी वाटतो, हेही खरे आहे. बोळे घालणाऱ्याने वाऱ्याच्या आवाजावरून वेगाचा अंदाज न बांधता काट्यावर नजर ठेवावी. या मर्यादा सांगूनच मी म्हणतो आहे की, मोकळ्या रस्त्यावर बोळे घालणे हे न घालण्यापेक्षा सुरक्षित आहे. चार तास घरघर ऐकून आंबलेला मेंदू खड्डा उशिरा पाहतो आणि ब्रेक उशिरा दाबतो. बोळे घालून संध्याकाळी घरी येणारा मी आणि पूर्वी घरी येणारा मी, यांतला फरक माझ्या घरच्यांनी आधी ओळखला.

ऐकण्याविषयी सरकारचे स्वतःचे धोरणही विचारात घ्यावे. २०१६ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले की, कर्णबधिर व्यक्तींना हलक्या वाहनाचे लायसन्स नाकारू नये, कारण वाहन चालवणे हे मुख्यतः डोळ्यांचे काम आहे. तो निर्णय योग्यच होता. अजिबात ऐकू न येणारी व्यक्ती आरसे आणि डोळे वापरून कायदेशीरपणे वाहन चालवू शकते. मग ऐकू येत राहावे म्हणून आवाज थोडा उतरवणारा माणूस गुन्हेगार कसा? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरायच्या संपर्क-साधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो, आणि मोडायलाच हवा. फोमचा बोळा हे संपर्क-साधन नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात दोन्ही कान झाकणाऱ्या हेडफोनला बंदी आहे, पण घातक आवाज कमी करण्यासाठीच बनवलेल्या बोळ्यांना, हॉर्न आणि सायरन ऐकू येत राहील या अटीवर, स्पष्ट सूट दिलेली आहे. फरक करता येतो. तो लिहून ठेवावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. आमच्या कराडजवळ तासवडे एमआयडीसी आहे. कारखान्यांना लागू असलेल्या कायद्यात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. ९० डेसिबलमध्ये आठ तासांपेक्षा जास्त कामगार उभा करायचा नाही, अशी मर्यादा आहे. कर्णरक्षकांसाठी आय.एस. ९१६७ हे भारतीय मानक १९७९ सालापासून आहे. फोर्जिंग शॉपच्या दारावर कान झाकलेल्या डोक्याची निळी पाटी असते आणि बोळ्यांचे खोके शेजारी ठेवलेले असते. त्याच कारखान्याच्या फाटकावरून माझ्यासारखा एक माणूस तेवढ्याच आवाजात गाडीवर बसून जातो. त्याच्यासाठी पाटी नाही, खोके नाही, तपासणी नाही. आम्हा प्रतिनिधींसाठी २०२५ पर्यंत १९७६ चा स्वतंत्र कायदा होता. त्यात आमची रजा आणि नेमणुकीच्या अटी सापडत, कान सापडत नसत. वसुलीला फिरणारे पतसंस्थेचे कर्मचारी, कुरिअरवाले, घरोघरी जेवण पोहोचवणारी पोरे, तालुक्याला ये-जा करणारे शिक्षक, यांची कामाची जागा गाडीची सीट आहे. इअरप्लग म्हणजे लडाखला जाणाऱ्या हौशी मंडळींची वस्तू, असा समज पसरला आहे. खरी गरज आहे ती वर्षातून एकदा लडाखला जाणाऱ्यापेक्षा वर्षातले तीनशे दिवस विट्याला जाणाऱ्याला.

म्हणून माझ्या विनंत्या एकेक करून मांडतो.

पहिली विनंती परिपत्रकाची. आवाज कमी करणारे, कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन नसलेले बोळे हे हेडफोन नाहीत आणि मोकळ्या रस्त्यावर ते घालणे हा गुन्हा नाही, एवढे दोन ओळींचे स्पष्टीकरण आपल्या सर्व आरटीओंना आणि वायुवेग पथकांना द्यावे. गृहखात्याशी बोलून तेच वाहतूक पोलिसांपर्यंत पोहोचवावे. हेडफोनवर कारवाई जरूर करावी. पंच्याण्णव डेसिबलच्या वाऱ्यावर गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवणारा माणूस कानांचे दुप्पट नुकसान करतो आणि त्याचे लक्षही उडते. पण त्याला आणि मला एकाच पावतीत बसवू नये.

दुसरी विनंती शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेची. तिथे वळणाच्या पाट्या आणि हाताच्या खुणा विचारतात. वाऱ्याच्या आवाजावर आणि कानांवर एखादा प्रश्न घालावा. प्रश्न असला की पोरे उत्तर पाठ करतात, आणि पाठ केलेले उत्तर कधीतरी कामाला येते. सतरा-अठराव्या वर्षी मला कुणी हे सांगितले असते, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तिसरी विनंती तपासणीची. चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यात ऐकण्याविषयी सरळ प्रश्न आहे : अर्जदाराला नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का? माझ्या नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी मला हा प्रश्न विचारला नाही, कानाकडे पाहिलेही नाही, सही-शिक्का मारून कागद हातात दिला. त्या दिवशी कुणी माझी तपासणी केली असती, तर निदान पाच वर्षे आधी मला कळले असते. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात आपण चालकांसाठी नेत्रतपासणी शिबिरे भरवता. त्याच मांडवात एक ऑडिओमीटर ठेवावा. देशात बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. आरोग्य खात्याला बरोबर घेतल्यास हे काम वेगळ्या खर्चाशिवायही होऊ शकेल.

चौथी विनंती हेल्मेटबाबत. आय.एस. ४१५१ या मानकाचे शिक्के पाहून आम्ही हेल्मेट घेतो. धक्का, पट्टा, दृष्टी यांची चाचणी होते, पण खोक्यावर आवाजाबद्दल एक अक्षर नसते. ताशी ८० च्या वेगाला आत किती आवाज येतो, हे छापायला लावण्यासाठी राज्याने भारतीय मानक ब्युरोकडे आग्रह धरावा. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या चाचण्या करते. गाडीचा आवाज बाहेर उभे राहून मोजला जातो. स्वाराच्या कानापाशी तो मोजण्याइतके ज्ञान आणि साधने पुण्यातच आहेत. दुचाकीचे माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने याची सुरुवात करावी.

पाचवी विनंती मालकांबाबत. ज्या कंपन्या दुचाकीवर माणसे राबवतात, त्यांनी हेल्मेटबरोबर बोळ्यांची जोडी द्यावी, एवढी सूचना कामगार खात्याकडून निघावी यासाठी आपण शब्द टाकावा. फोमची जोडी चहा-वडापावच्या खर्चात मिळते. एका श्रवणयंत्राच्या किमतीत अशा कितीतरी जोड्या येतील.

सहावी विनंती आवाज करणाऱ्यांबाबत. सायलेन्सर बदलून फटाके वाजवत जाणाऱ्या गाड्यांवरची आपली आणि पोलिसांची कारवाई चालू ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमाने मज्जाव केलेले कर्कश आणि बहुसुरी हॉर्न आजही राजरोस वाजतात. तेही थांबवावेत. बोळे वाऱ्यासाठी आहेत. माणसांनी केलेल्या गोंगाटावर तो उपाय होऊ नये.

पत्र खुले असल्यामुळे शेवटी माझ्या दुचाकीस्वार बांधवांशी आणि भगिनींशी दोन शब्द बोलतो. कापसाचे बोळे घालू नका, त्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचा बोळा स्वच्छ हाताने बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली नळी सरळ होते. बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला बोळा हा न घातल्यासारखाच. तो मळला किंवा फुगेनासा झाला की टाकून द्या. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, तर आधी डॉक्टर, मग बोळा. हेल्मेट चढवताना बोळा निघून येतो, म्हणून हेल्मेट हळू चढवा. मानेभोवती स्कार्फ किंवा रुमाल नीट गुंडाळला तर खालून शिरणारा वाराही थोडा कमी होतो. आणि गावाची कमान आली की वेग कमी करा, बाजूला थांबा, बोळे काढून डबीत ठेवा. पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटेल. चौथ्या दिवशी बोळे विसरून निघालात, तर ती घरघर तुम्हाला सहन होणार नाही. इतकी वर्षे आपण काय सोसत होतो, हे तेव्हा कळेल.

महोदय, तपासणीच्या त्या संध्याकाळी बोळ्यांशिवाय मी उरलेले अंतर कापून घरी आलो. रात्री कानातली शिट्टी इतकी वाढली की झोप लागली नाही. माझे जे ऐकणे गेले, ते कोणत्याही औषधाने परत येणार नाही. औषधांच्या धंद्यातच असल्यामुळे मला ते पक्के ठाऊक आहे. पण आज संध्याकाळी राज्यातल्या कुठल्याशा तालुक्यात एक पोरगा नवे लायसन्स खिशात घालून पहिल्या नोकरीवर, पहिल्या गाडीवरून घरी जात असेल. त्याला रातकिडे अजून ऐकू येतात. ते त्याला साठीतही ऐकू यावेत, यासाठी आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे. ते काढावे, ही नम्र विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वैद्यकीय प्रतिनिधी
कराड, जि. सातारा